पाडव्याला चक्का बांधताय? थोडा जास्तीचा बांधा

पाडव्याच्या श्रीखंडासाठी दही बांधणारच असाल, तर किलोभर जास्तीचं बांधा. श्रीखंड दोन दिवसांत संपतं, पण माणसांची ये-जा पुढे महिनाभर चालू राहते. तीजेला चैत्रगौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत. मधल्या कुठल्याही दिवशी हळदीकुंकू. नोकऱ्यांमुळे मंगळवार-शुक्रवार मागे पडून ते आता शनिवार-रविवारच्या संध्याकाळी होतं. त्यात मुलांच्या परीक्षा. 2025 साली राज्यातल्या पहिली ते नववीच्या परीक्षा 25 एप्रिलपर्यंत लांबल्या, म्हणजे वाळवणं, पाहुणे आणि अभ्यास सगळं एकाच घरात, एकाच उन्हात. अशा वेळी आंबेडाळ आणि पन्हं तर हवंच, ते कुणी सोडू नये. पण त्यासोबत गॅससमोर उभं राहून भजी-वडे तळायचा हट्ट कशासाठी? चक्का-कैरीचं डिप करा. आदल्या रात्री तयारी, दुसऱ्या दिवशी दहा मिनिटांचं काम.

आता बाटलीतल्या मेयोनीजबद्दल. डिप म्हटलं की हात तिकडेच जातो. बाटलीवरची घटकांची यादी वाचा, तेल अगदी सुरुवातीलाच भेटेल. आणि ताजं, कच्च्या अंड्याचं असेल तर उन्हाळ्यात ते धोक्याचंच. तेलंगणने ऑक्टोबर 2024 मध्ये आणि तामिळनाडूने एप्रिल 2025 मध्ये त्यावर वर्षभराची बंदी घातली होती ती उगाच नाही. ज्या घरात चक्का बांधायची रीत आहे, त्या घराला मेयोनीजची गरज काय, हे मला खरंच कळत नाही.

दही सायीच्या दुधाचं, गोडसर हवं. कमी स्निग्धांशाच्या दुधाच्या दह्याचा चक्का कोरडा आणि खरखरीत होतो, मग तो कितीही घोटा. ओल्या मलमलच्या फडक्यात दही ओतून पुरचुंडी बांधा, चाळणीत ठेवा, चाळणी पातेल्यावर, वर पाण्याने भरलेला डबा वजन म्हणून, आणि हे सगळं फ्रिजमध्ये. नळाला किंवा खिडकीला टांगायची पद्धत थंडीत ठीक. चैत्रात ओट्यावर रात्रभर टांगलेलं दही सकाळपर्यंत आंबतं आणि मग ते आंबटपण साखरेने झाकत बसावं लागतं. फ्रिजमध्ये आठ-दहा तास लागतात. फडकं सोडवताना चक्का कापडाला न चिकटता सुटला आणि बोटाने दाबल्यावर खळगा तसाच राहिला, की झालं. एक किलो दह्यातून साधारण 400 ते 450 ग्रॅम चक्का मिळतो. खाली उरलेलं पाणी ओतून देऊ नका, थालीपिठाची भाजणी त्यात भिजवा.

(हे बांधायचं काम घरातल्या कुणालाही जमतं. बारा वर्षांच्या मुलाला जमतं, त्याच्या बाबांनाही जमतं. हळदीकुंकू बायकांचं असलं तरी फडक्याची गाठ मारायला बाईच लागते असं काही नाही.)

400 ग्रॅम चक्क्याला लागतं ते असं: किसलेली कैरी, तोतापुरी असेल तर तीन मोठे चमचे, गावठी असेल तर दीडच. दोन हिरव्या मिरच्या, बोटाच्या पेराएवढं आलं, लसणाची एक छोटी पाकळी. मूठभर कोथिंबीर, दहा-बारा पुदिन्याची पानं, एक छोटा चमचा भाजलेल्या जिऱ्याची पूड, तेवढीच साखर, पाऊण छोटा चमचा मीठ. वरून फोडणीला एक मोठा चमचा तेल, अर्धा छोटा चमचा मोहरी, चिमूटभर हिंग.

चक्का चमच्याने किंवा रवीने फेटा. मिक्सरला लावू नका. मिक्सरची पाती चक्क्याची वीण मोडतात, आणि रात्रभर निथळून कमावलेला घट्टपणा अर्ध्या मिनिटात जाऊन ताकासारखं पातळ काहीतरी हाती येतं. ते पुन्हा घट्ट होत नाही. गुठळ्या असतील तर पुरणयंत्रातून काढा. मिरची, आलं, लसूण खलबत्त्यात कुटून घ्या. कच्चा लसूण मुरेल तसा तिखट होत जातो, म्हणून एकच पाकळी; आदल्या दिवशी करून ठेवणार असाल तर तीही वगळा आणि फोडणीत परतून घाला. कुटलेला मसाला, जिरेपूड आणि साखर चक्क्यात घालून तासभर मुरू द्या.

बहुतेकांचं डिप बिघडतं ते पाण्याने. तीन ठिकाणांहून ते येतं. कोथिंबीर-पुदिना धुऊन लगेच चिरला तर पानांचं पाणी. म्हणून आधी धुवा, कापडावर पसरून पूर्ण कोरडा करा, मगच चिरा. कैरीचा कीस न पिळता घातला तर कैरीचं पाणी. मुठीत घट्ट पिळा, जो आंबट रस निघेल तो आमटीत जाईल. आणि तिसरं मीठ. मीठ कैरीतलं पाणी ओढून काढतं, चक्क्यालाही पाणी सोडायला लावतं. दुपारी मीठ घालून ठेवलेल्या डिपवर संध्याकाळी पाण्याचा थर दिसतो तो यामुळे. तेव्हा कैरी, कोथिंबीर, पुदिना आणि मीठ, हे चारही घालायचं ते पाहुणे दारात आल्यावरच. हिरवा रंगही मग टिकतो. आंबटात तासन्‌तास पडलेली कोथिंबीर शेवाळी दिसते. काकडी किसून घालायचा मोह आवरा. काकडी बुडवायला ठेवा.

फोडणी पूर्ण गार करून घाला. गरम तेल पडलं की तेवढ्या जागी चक्का फुटून रवाळ होतो. मोहरी मात्र नीट तडतडलेली हवी, कच्ची राहिली तर कडू लागते.

लहान मुलांसाठी मिरची, लसूण काढून टाका आणि उकडून किसलेलं, पिळलेलं बीट मोठा चमचाभर घाला. गुलाबी रंगावर ती खूश असतात.

बुडवायला चिप्सची पाकिटं कशाला? कालच्या पोळ्यांचे त्रिकोण कापा, तेलाचा हात लावा, मंद तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी कडक होईपर्यंत भाजा. ओव्हनमध्ये 180 अंशांवर आठ-दहा मिनिटं. गार झाल्यावरच डब्यात भरा, नाहीतर वाफेने मऊ पडतात. नाचणीचा भाजलेला पापड छान लागतो, पण तो पातळ असतो, घट्ट डिपमध्ये मोडतो; त्यासोबत चमचा द्या. काकडी, गाजर, मुळ्याचे बोटभर तुकडे कापून बर्फाच्या पाण्यात ठेवा आणि वाढण्याआधी पुसून घ्या. पुसायचं विसरलात तर वर लिहिलेलं सगळं पाण्यात गेलं.

प्रमाणाचा हिशोब: माणशी दोन-अडीच मोठे चमचे, म्हणजे 40 ग्रॅम धरा. पंचवीस जणींना एक किलो डिप, त्यासाठी सव्वादोन किलो दही. तयार चक्का विकत आणलात तरी चालेल, पण पाडव्याच्या गर्दीत घाईने घेण्यापेक्षा चाखून घ्या, आंबट असेल तर श्रीखंडात खपेल, यात नाही. परदेशातल्या मंडळींनी साधं ग्रीक योगर्ट घ्यावं, तेही दोन तास फडक्यात ठेवावं. ‘ग्रीक स्टाइल’ लिहिलेल्या डब्यात कधी कधी स्टार्च घालून घट्टपणा आणलेला असतो, ते निथळत नाही. मागची यादी बघा. व्हॅनिलाचा डबा चुकून घरी येतो तोही याच घाईत.

मोठा वाडगा मधोमध ठेवून सगळ्यांनी त्यात बुडवायचं, हे मला पटत नाही. उष्ट्याचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न उन्हाचा. खोलीत 32 अंशांच्या वर तापमान असेल तर दह्याचा पदार्थ तासाभरापेक्षा जास्त बाहेर नको. छोट्या द्रोणात किंवा वाटीत ज्याचं त्याला द्या, बाकीचं फ्रिजमध्ये. वाडगाच ठेवायचा असेल तर परातीत बर्फ घालून त्यावर ठेवा, आणि संपत आला की त्याच्यावरच नवीन ओतू नका. दुसरा वाडगा काढा. टेबलावर उरलेलं टाकून द्या. फ्रिजमधलं, मीठ न घातलेलं दोन दिवस चांगलं राहतं. तिसऱ्या दिवशी त्यात बेसन आणि थोडं तांदळाचं पीठ घालून धिरडी करा, थोडी कैरी किसून घातलीत तर तिचा आंबटपणा त्यातही छान लागतो.