रेशनच्या तांदळात "प्लास्टिक" नाहीये, आधीचा मेसेज पुढे पाठवू नका

रविवारी मीच ग्रुपवर फोटो टाकला होता की रेशनच्या तांदळात प्लास्टिकचे दाणे निघाले, पाण्यात तरंगतात, ते चुकीचं होतं. आता तोच फोटो सोलापुरात जोडभावी पेठेपासून होटगी रोडपर्यंत फिरतोय म्हणून हे लिहितेय.

ते दाणे मशीनवर बनवलेलेच आहेत, पण तांदळाच्याच पिठापासून. पिठात लोह आणि फॉलिक ॲसिड, बी-12 ही जीवनसत्त्वं मिसळून त्याला परत तांदळाचा आकार देतात आणि साधारण 100 किलो तांदळात 1 किलो असे दाणे टाकतात, याला फोर्टिफाइड तांदूळ म्हणतात. 15 ऑगस्ट 2021 ला लाल किल्ल्यावरून पंतप्रधानांनी जाहीर केलं होतं की 2024 पर्यंत रेशन, पोषण आहार सगळीकडे हाच तांदूळ देणार. दाणा जरा पिवळसर दिसतो आणि कमी घट्ट असल्यामुळं काही तरंगतात.

मी दुकानात जाऊन पोतं बघितलं, त्यावर "+एफ" छापलंय, ती फोर्टिफाइडची खूण आहे. घरी येऊन ते दाणे वेगळे काढून तव्यावर जाळले, प्लास्टिकसारखे वितळले नाहीत, भाकरी करपल्यासारखा वास येऊन कोळसा झाला. भातात शिजले पण नीट.

मला वाईट याचं वाटतंय की शेजारच्या विडी वळणाऱ्या ताई माझा मेसेज वाचून दोन दिवस ते दाणे निवडून फेकत होत्या, अंगात रक्त कमी असलेल्या बायांसाठीच तर ते घातलेत ओ. घरात कुणाला थॅलेसेमिया (रक्ताचा आनुवंशिक आजार) असेल तर मात्र हा तांदूळ डॉक्टरांना विचारूनच खावा, त्यात अंगात लोह जास्त साठायचा प्रश्न असतो.

मी माझा फोटो डिलीट केलाय, तुम्ही जिथं जिथं पाठवलाय तिथं कृपया हा खुलासा टाका.