खुलासा : मंगळावरच्या ‘चेहऱ्या’चा व्हिडिओ

मंगळावर दगडात कोरलेला माणसाचा चेहरा सापडला आणि नासाने तो दडवून ठेवला, असं सांगणारा जुन्या माहितीपटातला एक तुकडा सध्या ग्रुपांवर फिरतोय.

फोटो खरा आहे. व्हायकिंग १ यानाने जुलै १९७६ मध्ये मंगळावरच्या सायडोनिया भागाचा तो टिपला. पण दडवादडवी कसली? काही दिवसांतच नासाने स्वतःच तो प्रसिद्ध केला आणि सावल्यांमुळे डोळे, नाक, तोंड असल्याचा भास होतो, हेही सोबत सांगितलं. नेमकं हेच वाक्य व्हिडिओत नाही.

त्या वेळी ऊन तिरपं होतं, त्यामुळे चेहऱ्यासारख्या दिसणाऱ्या त्या टेकडीची एक बाजू पूर्ण अंधारात गेली. चित्रभर काळे ठिपकेही दिसतात. यानाकडून पृथ्वीवर फोटो पाठवताना गहाळ झालेल्या माहितीच्या त्या जागा. त्यातला एक बरोबर नाकपुडीच्या जागी पडला, आणि चेहरा आणखीच पटू लागला!

पुढे नासाच्याच मार्स ग्लोबल सर्व्हेयर यानाने १९९८ आणि २००१ मध्ये तीच टेकडी टिपली. व्हायकिंगच्या चांगल्यात चांगल्या फोटोत एक पिक्सेल, म्हणजे चित्रातला एक ठिपका, जमिनीवरच्या ४३ मीटरचा होता. २००१ मध्ये दीड मीटरच्या आसपास. त्यात दिसते ती झिजलेली, सपाट माथ्याची टेकडी. हे सगळे फोटो नासाच्या संकेतस्थळावर कुणालाही पाहता येतात.

माहितीपट जरूर बघा, मलाही आवडतात. हा व्हिडिओ मात्र पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल तर त्याखाली २००१ चा फोटो टाका.