केजीएफची खाण सुरू झालेली नाही

जळगाव-भुसावळकडच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: ‘कोलारची केजीएफ खाण पुन्हा सुरू, आमदारांची घोषणा, भरती चालू, सोनं निम्म्यावर येणार.’ यातलं एकही खरं नाही.

भारत गोल्ड माइन्स या सरकारी कंपनीने कर्नाटकातली ही सोन्याची खाण (केजीएफ म्हणजे कोलार गोल्ड फील्ड्स) २८ फेब्रुवारी २००१ रोजी बंद केली. तीन किलोमीटरहून खोल गेलेल्या त्या खाणीत पाणी भरलंय. जून २०२४ मध्ये कर्नाटक मंत्रिमंडळाने मान्यता दिली ती जमिनीवरच्या १३ ढिगाऱ्यांतून सोनं काढण्याबाबत. सोनं काढून उरलेल्या दळलेल्या दगडाचे हे डोंगर. सोनं वेगळं करणाऱ्या सायनाइड या रसायनाची प्रक्रिया झालेले, थोडंफार सोनं शिल्लक असलेले. गोंधळ बहुधा इथूनच झाला असावा.

तिथल्या आमदार रूपकला शशिधर यांचा आग्रह पडीक जमिनीवर उद्योग आणण्याचा आहे, कारण गावातली हजारो माणसं रोज रेल्वेने बेंगळुरूला कामाला जातात. ती आशा आहे, भरतीची जाहिरात नव्हे.

आणि भाव? देश दरवर्षी शेकडो टन सोनं आयात करतो. ढिगाऱ्यांतल्या सोन्याने सराफ बाजार हलत नाही, हे जळगावकरांना वेगळं सांगायला नको. नोंदणीच्या नावाखाली कुणी पैसे मागितले तर देऊ नका. मेसेज पुढे पाठवला असेल तर त्याच ग्रुपवर हा खुलासा टाका.