फिटच्या गोळ्या ‘मेंदू झोपवतात’? त्या फॉरवर्डला काउंटरवरून उत्तर

पंधरा दिवसांत एकच मेसेज मला चार गिऱ्हाइकांनी दाखवला. शेवटचे एक काका. मुलीच्या गोळ्या न्यायला दर महिन्याला येतात. या वेळी म्हणाले, “ताई, अर्धीच स्ट्रिप द्या, बंदच करतोय आता,” आणि मोबाइल काउंटरवर ठेवला.

मेसेज थोडक्यात असा. फिटच्या (आकडी म्हणा, फेफरं म्हणा) गोळ्या म्हणजे गुंगीचं औषध, त्या मेंदू झोपवतात. एकदा लागल्या की जन्मभर सुटत नाहीत. लिव्हर-किडनी खलास होते. मुलींना मूल होत नाही, झालंच तर अधू होतं. तेव्हा सहा महिने फिट आली नाही की गोळ्या बंद करा आणि आमचं चूर्ण ९० दिवस घ्या. खाली मोबाइल नंबर; पार्सल कुरिअरने.

मी फार्मसिस्ट आहे, डॉक्टर नाही. पण या गोळ्या रोज हाताखालून जातात. आणि मेसेजमधलं सगळंच खोटं नाही, म्हणून तर तो चालतो.

मेंदू झोपवतात म्हणे. मेंदूतल्या पेशी एरवी आपापल्या वेळी बोलत असतात, आठवडी बाजारातल्या गलबल्यासारख्या. फिट येते तेव्हा त्यांचा एक मोठा घोळका एकदम, एकाच तालात, भराभर विजेचे ठोके द्यायला लागतो. फेनिटॉइन, कार्बामाझेपिन, लॅमोट्रिजिन ही औषधं पेशीत सोडियम आत सोडणाऱ्या दारांवर काम करतात. ते समजावायला माझ्याकडे एकच उदाहरण आहे आणि ते संडासातलं आहे, माफ करा. फ्लशची टाकी एकदा रिकामी झाली की भरायला वेळ लागतो. ही औषधं ती जरा सावकाश भरू देतात. दिवसातून चारदा फ्लश करणाऱ्याला फरक कळतही नाही; जो सारखा दांडा ओढतोय त्याला पाणी मिळत नाही. तसंच नेहमीच्या चालीने चालणाऱ्या पेशींना फारसा अडथळा होत नाही, पिसाटलेल्या पेशी अडतात. लेव्हेटिरॅसिटॅमचा रस्ता निराळा. एका पेशीकडून दुसरीकडे निरोप नेणारी रसायनं ज्या पिशव्यांत भरलेली असतात, त्या पिशव्यांवरच्या एका प्रथिनाला हे औषध चिकटतं.

गुंगीचा आरोप आला कुठून? फिटवरचं जुनं औषध फेनोबार्बिटोन हे मुळात झोपेचंच औषध. १९१२ साली जर्मनीत आल्फ्रेड हाउप्टमान या डॉक्टरने ते वॉर्डातल्या रुग्णांना शांत करायला दिलं आणि त्यांच्या फिट्स कमी झालेल्या त्याला दिसल्या. पुढे १९३८ मध्ये बोस्टनला मेरिट आणि पुटनम यांनी फेनिटॉइन पुढे आणलं, तेव्हा झोप न आणताही फिट रोखता येते हे सिद्ध झालं. म्हणजे मेसेजवाल्यांची माहिती बरीच शिळी आहे. तरीही सुरुवातीचे काही आठवडे पेंग येते, डोकं जड वाटतं, हे खरं. टोपिरामेट या गोळीवर असलेल्या काहींना शब्द ऐन वेळी आठवत नाहीत. लेव्हेटिरॅसिटॅमने काही जण इतके चिडचिडे होतात की घरचे म्हणतात, पोरगं वाया गेलं. ते गोळीमुळे असू शकतं हे आईला कुणी सांगितलेलंच नसतं. अशा वेळी डॉक्टर डोस कमी करतात किंवा गोळी बदलतात. निवडायला वीसेक औषधं आहेत.

फेनिटॉइनचं एक वेगळंच. शरीराची ते पचवण्याची ताकद एका मर्यादेला येऊन थांबते. डोस ३०० वरून ४०० मिलिग्रॅम केला की रक्तातलं प्रमाण तिसऱ्या हिश्शाने न वाढता दुपटीवरही जाऊ शकतं. आमच्याकडचे एक आजोबा झोकांड्या खात आले होते. लोकांना वाटलं, घेऊन आलेत. ते रात्रीची गोळी घेतली की नाही हे विसरून पुन्हा घ्यायचे. आता त्यांच्या सुनेने वारांची नावं घातलेली डबी आणली आहे.

दुसरा मुद्दा, जन्मभर सुटत नाहीत. या गोळ्या रोग मुळातून काढत नाहीत, फिट अडवून धरतात, हे मान्य. बीपीची गोळी तरी वेगळं काय करते? पण जन्मभराचं म्हणाल तर ब्रिटनमधल्या एका मोठ्या चाचणीचे आकडे १९९१ साली आले होते. किमान दोन वर्षं फिट न आलेले १,०१३ जण त्यात होते. निम्म्यांच्या गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या, निम्म्यांच्या चालू ठेवल्या. पुढच्या दोन वर्षांत, चालू ठेवलेल्यांपैकी १०० तले ७८ फिटविना राहिले, बंद केलेल्यांपैकी ५९. म्हणजे बऱ्याच जणांच्या गोळ्या सुटतात. आणि ज्यांना पुन्हा फिट आली तेही थोडे नव्हते. म्हणून कुणाच्या सोडायच्या हे फिटचा प्रकार, ईईजी (मेंदूतल्या विजेचा आलेख), एमआरआय बघून ठरतं. सगळ्यांना सरसकट सहा महिन्यांचा हिशोब कुठल्याच पुस्तकात नाही. एका झटक्यात बंद केल्या तर फिटमागून फिट येत राहू शकते, माणूस मध्ये शुद्धीवरच येत नाही. पाच मिनिटांवर चाललेली फिट म्हणजे थेट दवाखाना. कांदा नाही, चप्पल नाही.

लिव्हर-किडनीचं लवकर आटपते. व्हॅल्प्रोएट या फिटच्याच औषधाने लिव्हरला गंभीर इजा होऊ शकते. ती क्वचित होते, आणि सर्वांत जास्त धोका दोन वर्षांच्या आतल्या, एकाहून जास्त गोळ्या चालू असलेल्या बाळांना. लेव्हेटिरॅसिटॅम किडनीवाटे बाहेर पडतं, त्यामुळे किडनी आधीच कमजोर असेल तर डोस कमी करावा लागतो. त्याचा अर्थ ते किडनी खातं असा नाही. मेसेजने भीती घालायचीच होती तर खरी घालायची: लॅमोट्रिजिन, कार्बामाझेपिन, फेनिटॉइन सुरू केल्यावर पहिल्या दोनेक महिन्यांत अंगावर पुरळ, ताप, तोंडात फोड आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. तिथे थांबून चालत नाही.

मुलींचा मुद्दा. यावर काकांचा आवाज खाली आला. मुलगी एकविसाची आहे, स्थळं बघताहेत. मूल होत नाही हे खोटं. अधू होतं, यात मात्र एका औषधाबद्दल तथ्य आहे: व्हॅल्प्रोएट. गरोदरपणात ते चालू असेल तर दहातल्या साधारण एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं, आणि दहातल्या तीन-चार मुलांची बोलण्या-शिकण्याची वाढ मागे पडते. म्हणून तरुण मुलींना ते शक्यतो देत नाहीत. लॅमोट्रिजिन किंवा लेव्हेटिरॅसिटॅमवर व्यंगाचं प्रमाण इतर बायकांच्या बाळांइतकंच, त्याच्या आसपास असतं. बदल करायचा तो दिवस राहण्याआधी, फॉलिक अ‍ॅसिड सुरू करून. दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून गोळी टाकून दिली आणि मोठी फिट आली, तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात. काकांच्या मुलीची गोळी लॅमोट्रिजिनच होती. आणि हो, १९९९ च्या दुरुस्तीनंतर हिंदू विवाह कायद्यात फिटचा आजार लग्नाच्या आड येत नाही. सासरपासून लपवून, गोळ्या चुकवून केलेला संसार मात्र आड येतो, असं माझं मत.

राहिलं चूर्ण. फिटवर हमखास इलाजाची जाहिरात करणं १९५४ च्या कायद्याने गुन्हा आहे. काकांनी खिशातून पुडी काढली तेव्हा कळलं, पार्सल आलंही होतं आणि मुलगी आठवडाभर ते घेतही होती. पुडीवर घटक नाहीत, बॅच नंबर नाही. अशा पुड्यांमध्ये फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन कुटून घातलेलं आपल्या देशात तपासणीत सापडलेलं आहे. गुण येतो तो त्याचाच, आणि डोस किती हे कुणालाच ठाऊक नसतं. मुलगी दिवसभर झोपून असते का, विचारलं. “हो ना, म्हटलं आराम पडतोय.”

ती पुडी मी फेकू दिली नाही. आत फेनोबार्बिटोन असेल तर तीसुद्धा मनाने एकदम बंद करायची सोय नाही. स्ट्रिप अख्खी दिली, पुडी पाकिटात घालून वर तारीख लिहिली, आणि आजच मुलीला घेऊन न्यूरोच्या डॉक्टरांकडे जा म्हटलं. साडेचारची एसटी होती, ती त्यांना मिळाली.