अंगणवाडीवर पीएचडी करताय? छापील पावती आहे का?

अंगणवाडी सेविका, मदतनीस, बालवाडीतल्या ताया यांच्यावर संशोधन करायचं मनात आलंय? नेटची परीक्षा निघालीय, वय बसतंय, घरच्यांनी लग्नाचा विषय काढणंही सोडलंय? मग या नागपूरला. माझी कंटिन्जन्सीची, म्हणजे फेलोशिपसोबत मिळणाऱ्या किरकोळ संशोधनखर्चाची, बिलं गेल्या सोमवारीच शेरा मारून परत आली आहेत, त्यामुळे माझ्याजवळचे सल्ले अगदी ताजे आहेत.

पहिलं म्हणजे, विषय बदला. विद्यापीठाच्या संशोधन समितीसमोर सेविकांचं नाव काढलं की समोरचे साहेब मायेने म्हणतात, “मॅडम, कुपोषण घ्या ना. बायांच्या कामाच्या तासांत काय रिसर्च?” बाळाचं वजन मोजलं तर संशोधन; वजन करणारीची कंबर का दुखते विचारलं की युनियनबाजी. गृहविज्ञानवाले समाजकार्याकडे पाठवतात, समाजकार्यवाले शिक्षणशास्त्राकडे, आणि शिक्षणशास्त्रात ऐकायला मिळतं की शिक्षण पहिलीपासून सुरू होतं. २०२०चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरण पायाभूत स्तर वयाच्या तिसऱ्या वर्षापासून धरतं, हे खरं. पण धोरण वाचूनच समितीवर बसावं असा काही नियम नाही.

तरी हट्ट असेल तर प्रस्तावाच्या पहिल्या पानावर बालशिक्षणाचा पाया घालणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ हव्यातच. बोर्डी, कोसबाड, पद्मभूषण, पद्मश्री, सगळं लिहा. माना डोलतात. दुसऱ्या पानावर आजची सेविका आली की थांबतात.

गाइड निवृत्तीला टेकलेला घेऊ नका.

फेलोशिपचं पोर्टल रात्री बारानंतर उघडा. दिवसा का नाही, ते तुम्हाला माहीत आहे.

वय सांभाळा. जेआरएफला, म्हणजे नेटमधून मिळणाऱ्या संशोधन फेलोशिपला, तीस वर्षांची अट, बायकांना पाच वर्षांची सवलत. पर्यवेक्षिका म्हणून पंधरा-वीस वर्षं गावं पालथी घालून एखादीला वाटलं की आता हे सगळं नीट लिहून काढावं, तर तिने ते स्वतःच्या पगारातून लिहावं. ज्याला विषय कळतो त्याला फेलोशिप दिली तर बाकीच्यांचं कसं व्हायचं?

फील्डवर्क डिसेंबरात ठेवा. अधिवेशन लागलं की तुमचा सॅम्पल स्वतःच्या पैशाने, एसटीने, डबा बांधून नागपुरात येतो आणि यशवंत स्टेडियमजवळ येऊन बसतो. २०२३ला तर ४ डिसेंबरपासून राज्यभर संपच होता, तो पुढच्या जानेवारीपर्यंत चालला. गडचिरोली ते कोल्हापूर, सगळे जिल्हे एका ठिकाणी, प्रवासखर्च शून्य! फक्त पोलीस मोर्चा अडवायच्या आत प्रश्नावली भरून घ्या.

आणि गावात जाणारच असाल तर कोणाला चहा पाजू नका. कुही तालुक्यातल्या एका गावात मी सेविकांची गटचर्चा ठेवली होती. दुपारी, मुलं घरी गेल्यावर. मुलं जातात, काम जात नाही. एक ताई भिंतीच्या कोपऱ्याला, जिथे नेटवर्कची एक काडी येते तिथे उभी राहून एका ओल्या बाळंतिणीचा चेहरा मोबाइलमध्ये धरत होती. २०२५च्या जुलैपासून चेहरा जुळल्याशिवाय घरी न्यायचा आहार द्यायचा नाही. “डोळे मिचकाव ना बाई.” बाई मिचकावते, ॲपवरचं चाक फिरत राहतं, कडेवरचं बाळ भोकाड पसरतं. जुळलं एकदाचं, तर नेटवर्क गेलं. हे उरकून त्या सगळ्या जमिनीवर पोत्यावर बसल्या आणि संध्याकाळपर्यंत मोकळेपणाने बोलल्या. मी चौकातून चहा आणि आलूबोंडे मागवले. टपरीवाल्याने वहीचं पान फाडून हिशेब लिहून दिला, खाली सहीही ठोकली.

त्यावर लेखा विभागाचा शेरा: जीएसटी क्रमांकासह छापील पावती जोडावी. तसेच अल्पोपाहाराचे औचित्य स्पष्ट करावे.

औचित्य! अहो, वर्षाला वीस लाखांच्या आत धंदा असलेल्या टपरीला जीएसटी नोंदणी लागतच नाही, हे लेखा विभागाला मी समजावायचं? फाट्यावरचा ऑटोवाला सीट भरल्याशिवाय हलत नाही, तो काय मला छापील पावती फाडून देणार? सामाजिक शास्त्रांतल्या जेआरएफला पहिली दोन वर्षं वर्षाकाठी दहा हजार कंटिन्जन्सी. त्यात पुस्तकं, झेरॉक्स, टायपिंग, प्रवास सगळं बसवायचं, आणि तेही आधी स्वतःच्या खिशातून. हीच चर्चा वर्धा रोडवरच्या हॉटेलात राष्ट्रीय परिषद म्हणून भरवली असती, शाल-श्रीफळ, बुफे, पनीर, तर पावती छापील मिळाली असती आणि औचित्याचा ‘औ’ कोणी काढला नसता. सेविका मात्र तिथे नसती. तिला कोण बोलावतं बाप्पा?

नाउमेद होऊ नका. २०२३ला अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानचा कायदा झाला, तेव्हा पाच वर्षांत पन्नास हजार कोटींची भाषा होती. ती बातमी कापून भिंतीवर चिकटवा. त्यातला मोठा वाटा खासगी क्षेत्राकडून यायचा आहे. कुहीच्या मदतनिसाच्या पाठदुखीवर पैसे लावणारी कंपनी सापडली की मला कळवा.

पन्नास वर्षं झाली हो अंगणवाड्या चालवणाऱ्या या एकात्मिक बालविकास योजनेला. २ ऑक्टोबर १९७५ला ३३ प्रकल्पांपासून सुरुवात, आज सुमारे चौदा लाख केंद्रं. चालवतात बाया. केंद्र सरकारने सेविकेचं मूळ मानधन २०१८ला साडेचार हजार केलं, ते तिथेच आहे. राज्य त्यात भर घालतं, तीही रस्त्यावर बसल्याशिवाय वाढत नाही. ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य व्हायला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२चा निकाल लागला. या बाया काम का सोडतात, रजिस्टरं आणि मोबाइल भरून झाल्यावर मुलांना शिकवायला वेळ उरतो का, धोरणात लिहिलेल्या सहा महिन्यांच्या प्रमाणपत्राने कोणाला काय आलं, हे गावात जाऊन बसल्याशिवाय तुम्हाला कळणार आहे का? भाषणात ‘डेटा नाही’ म्हणून हळहळायचं, आणि डेटा आणायला निघालेल्या पोरीचा फेलोशिपचा हप्ता महिनोन् महिने अडवायचा, का, तर प्रगती अहवालावर एक सही राहिली आणि साहेब दौऱ्यावर आहेत. माझ्या बरोबरीच्या एका मुलीने कंटाळून नोंदणी सोडली, आता ती कोचिंग क्लासमध्ये शिकवते. भिवापूरकडच्या मदतनिसांच्या मुलाखती तिच्या जुन्या मोबाइलमध्ये तशाच पडून आहेत. त्या बायांनी रोजी बुडवून सांगितलेलं ते. लाज वाटायला हवी तुम्हाला, साहेब.

ऑटोचं भाडं स्वयंघोषणेवर मंजूर करा. फेलोशिप महिन्याच्या महिन्याला सोडा. आणि समितीवर एक तरी माणूस असा बसवा ज्याने फीत कापण्याखेरीज दुसऱ्या कामासाठी अंगणवाडीचा उंबरठा ओलांडला आहे.