सॉकेट जुळलं म्हणजे प्रोसेसर चालेलच असं नसतं हो

आमच्या कोथरूडच्या सोसायटी ग्रुपवर परत तो फॉरवर्ड फिरतोय, "सगळ्यात स्वस्त मदरबोर्ड घ्या, फक्त सॉकेट बघा, दोन वर्षांनी त्यावरच टॉपचा प्रोसेसर टाका, आणि बायोसला हात लावू नका, बोर्ड उडतो." खाली अंगठेच अंगठे. (मदरबोर्ड म्हणजे पीसीचे सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, सॉकेट म्हणजे त्यावरची प्रोसेसर बसवायची जागा, आणि बायोस म्हणजे बोर्डातलं पीसी सुरू करणारं सॉफ्टवेअर.) बारावी झालेल्या पोरांना पीसी घ्यायची लगबग आहे म्हणून लिहितोय, नाहीतर सोडून दिलं असतं.

पहिलं सॉकेट. इंटेलचे झेड२७० आणि झेड३७० हे चिपसेट (बोर्डाचा कारभार बघणारी चिप, बोर्ड तिच्याच नावाने ओळखतात) दोन्ही २०१७ चे, सॉकेट दोघांचं एलजीए ११५१, पण आठव्या जनरेशनचा आय७ ८७०० झेड२७० वर आरामात बसतो, वरची लिव्हरसुद्धा लागते, आणि स्क्रीन काही येत नाही. पुढे एलजीए १२०० लाही तीच गंमत, एच४१० आणि बी४६० चिपसेटला अकराव्या जनरेशनचा सपोर्टच दिला नाही. एलजीए १७०० मध्ये तर डीडीआर४ रॅमचे बोर्ड वेगळे, डीडीआर५ रॅमचे वेगळे, म्हणजे बोर्ड बदलला तर कदाचित रॅमपण गेली.

स्वस्त बोर्ड आणि टॉपचा प्रोसेसर म्हणाल तर एएमडीच्या रायझन ९ ७९५०एक्सचा टीडीपी, म्हणजे कागदावरचा उष्णतेचा आकडा, १७० वॉट, प्रत्यक्षात सॉकेटमधून २३० पर्यंत ओढतो, आणि हलक्या ए६२० चिपसेटच्या बोर्डाच्या व्हीआरएमवर, म्हणजे प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागावर, कित्येकदा उष्णता बाहेर टाकणारं हीटसिंकसुद्धा नसतं. एप्रिलच्या दुपारी रेंडर लावा, तापला की स्पीड पाडणार, मग एवढे पैसे कशाला घातले?

बायोसचं तर उलटंच आहे राव. फॉरवर्ड पसरला तो एएमडीच्या एएम४ सॉकेटमुळे, तिथे २०१७ च्या ए३२० वर २०२० चे रायझन ५००० खरंच चालतात, पण कशामुळे, तर २०२२ मध्ये आलेल्या बायोसमुळे! जुना प्रोसेसर लावलेला असतानाच अपडेट करायचं आणि मग बदलायचा, जुना आधीच विकून बसलात तर फ्लॅशबॅकचं बटण असलेला बोर्ड हवा, त्यात प्रोसेसर नसतानाही नुसत्या पेनड्राइव्हवरून अपडेट होतं. बोर्ड उडतो तो बहुतेक मधेच लाईट गेली की, त्यामुळे यूपीएस लावा आणि गुरुवारी अजिबात करू नका, महावितरणचा देखभालीसाठी लाईट घालवायचा गुरुवार पुणेकरांना मी काय सांगायचा. एक खोच मात्र आहे, काही एएम४ बोर्डांची बायोस चिप १६ एमबीचीच, नवे प्रोसेसर घुसवायला जुन्यांचा सपोर्ट काढून टाकलाय, म्हणून अपडेटखालची बारीक अक्षरं वाचा.

आज घेणाऱ्याने एएम५, म्हणजे एएम४ नंतरचं सॉकेट, घ्यायला माझी हरकत नाही, एएमडीने निदान २०२७ पर्यंतचा शब्द दिलाय. पण तो शब्द सॉकेटचा, तुमच्या बोर्डाचा नाही. टिळक रोडला दुकानात उभे असाल तर बोर्डाचं पूर्ण मॉडेल आणि रिव्हिजन (त्याच मॉडेलची कितवी आवृत्ती) बघा, कंपनीच्या साइटवर सीपीयू सपोर्ट लिस्ट उघडा, कुठला प्रोसेसर कुठल्या बायोसपासून चालतो ते तिथे लिहिलेलं असतं, दुकानदार वैतागला तर वैतागू दे.