घरीच तर असतेस ना!

ऐतिहासिक प्रेमकादंबऱ्या लिहिणारी बाई घरी बसून मनोराज्ये करते, असा आमच्या घरातल्या सर्वांचा ठाम समज आहे. त्यामुळे सिलिंडरवाला, कुरिअर, इस्त्रीचे कपडे आणि भरदुपारी टपकणारे पाहुणे यांचा बंदोबस्त कायमचा माझ्याकडे असतो. माझी नायिका १७६१ सालच्या पुण्यात, पानिपतावर गेलेल्या नवऱ्याची वाट पाहत आहे. त्या जानेवारीनंतर कोण जगले आणि कोण गेले, याचा अनेक घरांना पत्ताच लागला नाही. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलेच नाही आणि पुढे भाऊंचा तोतयाही उभा राहिला. अशा काळातल्या स्त्रीच्या मनात रोज कुंकू लावताना काय येत असेल, हे ठरवायला सलग दोन तास तरी निवांतपणा लागतो. तो मिळत नाही. मोडी कागदातले एखादे अक्षर लागते न लागते तोच "आई, माझा मोजा कुठे आहे?" अशी हाक येते, आणि मोजा हाक मारणाऱ्याच्या पायाशीच पडलेला असतो. पतिराज घरून काम करतात तेव्हा मात्र दार लावून घेतात आणि सारे घर कुजबुजत वावरते. माझ्या लेखनाला दार नाही, जेवणाचे टेबल आहे. वर सासूबाई विचारतात, "अगं, एवढे प्रेमाचे लिहितेस, मग घरात इतकी चिडचिड का करतेस?" प्रकाशकांना पुढचे प्रकरण शुक्रवारी हवे आहे. शुक्रवारी नणंदबाईंचे डोहाळजेवण आहे, आणि पुरणपोळ्या मी करणार असल्याचे त्यांना परस्पर कळवूनही झाले आहे.